शब्दचर्चा : 'सोलो ब्लूज'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. एकट्याने ते सादर करण्याच्या कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात 'ब्लूज गिटारचं एकलवादन' असं लिहिलं तर चालेल का? आणि 'स्लाईड'ला (तारांवरून नळी सरकवत वाजवण्याला) मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाणं) म्हणावं का?

प्रतिसाद १ : एकलवादन नको. एक तर वाजवणाराच गातो. शिवाय तबल्याच्या एकलवादनालाही आपल्याकडे लेहऱ्याची (तालाचं आवर्तन दाखवणाऱ्या सुरावटीची) साथ असते. अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टातले ब्लूज गायक चार्ली पॅटन, सन हाऊस गिटार घेऊन एकटे बसले, की लेहराही नाही. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, बोटं बारीक तारांवर सूर काढतात. गळ्याची ओळ चार बारांच्या (बार म्हणजे चार मात्रांचा गट) जागेत दोन-अडीच बारांतच संपते आणि उरलेल्या जागेत गिटार तिला उत्तर देते. सवाल-जवाब एकाच माणसाचा! 'एकल ब्लूज गायन' लिहा, गिटार त्यात आलीच.

प्रतिसाद २ : 'एकल ब्लूज' पटलं. मात्र पत्रकात '12 बारांचं आवर्तन' लिहिणार असाल तर जपून. कागदावर 12 गुणिले 4, म्हणजे 48 मात्रा. प्रत्यक्षात लाइटनिन हॉपकिन्स किंवा जॉन ली हूकर हे ब्लूज गायक एकटे असले की शब्द संपेपर्यंत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सोडत नाहीत. बार कधी 11 होतात, कधी 13, कधी साडेबारा. मागे बास-ड्रम असले तर ते 12 मोजून पुढे निघून जातात आणि गाणारा मागे राहतो. एकट्याला प्रत्यक्ष ऐकण्याची खरी गोडी इथे आहे : कॉर्ड कधी बदलणार हे त्या क्षणी तोच ठरवतो, आणि आपण त्याच्या श्वासाकडे कान लावून बसतो. नवशिके इथेच फसतात. बार लांबवताना त्यांचा पायही मंदावतो. बार कितीही वाढो, मात्रेची लय हलता कामा नये. हूकरने 1948 साली डेट्रॉईटमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात पायाचा ठेका स्पष्ट ऐकू येतो, तो मुद्दाम ऐका.

प्रतिसाद ३ : स्लाईड म्हणजे मींड नव्हे. सतारीवर मींड तार आडवी खेचून निघते. तिच्या जवळचं म्हणाल तर गिटारचं 'बेंड', म्हणजे बोटाने तार ओढून सूर चढवणं. स्लाईडला 'घसीट' (तारेवरून बोट घासत नेणं) जास्त जवळचा, आणि करंगळीतल्या काचेच्या नळीला विचित्रवीणेच्या तारांवरून सरकवायच्या गोळ्याचा 'बट्टा' हा शब्द चपखल बसेल. नळी पडद्याच्या पट्टीच्या बरोबर वर हवी, मागे राहिली की सूर उतरतो. दाबायची नाही, दाबली की तार पट्टीवर खडखडते. नळीमागची बोटं तारांवर हलकी टेकवून ठेवा, नाहीतर मागचा भागही कुरकुरतो. तारा सर्वांत बारीक तार 0.013 इंचाची असलेल्या संचातल्या आणि जरा उंच बसवलेल्या बऱ्या.

प्रश्नकर्ता : आभार. गिटारच्या तारा जुळवण्याची 'ओपन जी' ही पद्धत कशी समजावू?

प्रतिसाद ३ : सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवा. जाड तारेपासून प सा प सा ग प असं लागतं. गळा मात्र कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे रेंगाळतो. नळीला पडद्यांचं बंधन नाही, म्हणून ती त्याच जागी जाऊन गळ्याला मिळते.