मदत हवी आहे: काकांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. रविवारी कोथरूडला काकांकडे जेवताना वाद झाला. त्यांनी कात्रणांची वही काढून एका ओळीवर बोट ठेवलं: शिवाजीनगर, ३० एप्रिल १८९७, ४३.३ अंश. "तेव्हा कुठे होत्या एवढ्या गाड्या? तापमानवाढ म्हणजे श्रीमंत देशांचं राजकारण!"

राजकारणाचं मला बरंचसं पटतं. पिढ्यानपिढ्या कोळसा जाळला त्यांनी, आणि २०७० पर्यंत नेट झीरो (म्हणजे हवेत जेवढे तापवणारे वायू सोडू तेवढे शोषूनही घेणं) करायचं वचन आपणही, म्हणजे भारतानेही, दिलंय. पण एका दिवसाचा उच्चांक म्हणजे सरासरी नव्हे, हे काकांच्या गळी कसं उतरवू? २०२४ साली जग औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे दीड अंशाने तापलेलं होतं म्हटलं, तर म्हणाले, "दीड अंशाने काय होतंय?"

शिमला ऑफिसातून (शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या कार्यालयातून) पुण्याच्या जुन्या नोंदी कोणी मागवल्यात का? अर्ज कसा करायचा? काका आकडे मानतात, मनापासून वाचतात.