तारीख उलटलेल्या येणे रकमेची संपूर्ण ओळ एक्सेलमध्ये कशी रंगवावी?

प्रश्न: देवगडच्या आमच्या बागेतील हापूसच्या पेट्यांचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. पैसे देण्याची तारीख उलटलेल्या ग्राहकाची संपूर्ण ओळ तांबडी व्हावी अशी इच्छा आहे, परंतु कंडिशनल फॉरमॅटिंगने (अटीनुसार रंग देण्याच्या सोयीने) केवळ तारखेचा रकाना रंगतो.

उत्तर: शीर्षकाखालील सर्व रकाने निवडून 'न्यू रूल'मधील सूत्राचा पर्याय घ्यावा आणि तारीख 'टुडे'पेक्षा (आजच्या तारखेपेक्षा) लहान असल्याची अट लिहिताना डॉलरचे चिन्ह रकान्याच्या अक्षरापूर्वी द्यावे, ओळीच्या क्रमांकापूर्वी मात्र देऊ नये.

दुसरे उत्तर: तारखेची रिकामी चौकट एक्सेल येथे शून्य मानते, त्यामुळे तारीख न भरलेल्या ओळीही तांबड्या होतील, 'अँड' (दोन्ही अटी एकत्र तपासणारे सूत्र) वापरून ती शक्यता वगळावी.

प्रश्नकर्ता: जमले, आभार. पैसे आलेल्या ओळी हिरव्या करायच्या असल्यास?

उत्तर: वेगळा नियम करून 'मॅनेज रूल्स'मध्ये तो तांबड्याच्या वर न्यावा. (दोनच रंग पुरेत, ऐन हंगामात रंगपंचमी नको.)