मदत हवी आहे: रहस्य, प्रेम, अद्भुत... नवीन मराठी काय वाचू?

नमस्कार मंडळी. सोलापूरचं ऊन असं तापलंय की दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, त्यामुळे वाचनाचा सपाटा लावलाय. अलीकडच्या मराठी कादंबऱ्या सुचवा ना.

रहस्यकथेसाठी माझी अट एकच, खुनी आपल्याला आधी भेटलेला असावा. नुकत्याच वाचलेल्या एकीत (नाव घेत नाही) शेवटच्या प्रकरणात नायिकेचा दुबईचा चुलतभाऊ उगवतो आणि खून त्याच्या गळ्यात! मग चहाच्या कपावरची लिपस्टिक, बंद पडलेलं घड्याळ हे सगळं मी कशाला लक्षात ठेवत बसले? बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार, काळापहाडच्या गोष्टींत तर्क लंगडा पडला तरी वेग असायचा. इथे तोही नाही.

प्रेमकथेत एका फोनवर मिटेल असा गैरसमज दोनशे पानं ताणलेला नको. घरभाडं, बदली, सासू-सासऱ्यांची दुखणी यांतून वाट काढणारी माणसं आवडतील.

खरी अडचण अद्भुताची. नारायण धारपांच्या भयकथांतले समर्थ वाचून झाले, पण आता भय नकोय. अनुवादातले ड्रॅगनही पुरे. विहिरीवरच्या साती आसरा, शिवेवरचा म्हसोबा असं आपलं काही घेऊन कुणी स्वतःच्या नियमांचं जग उभं केलंय का?

विकत घ्यायची तयारी आहे. पण हिराचंद नेमचंद वाचनालयात कुणी पाहिलेलं असेल तर ते आधी सांगा. आणि कृपा करून, शेवट फोडू नका!