आकाशगंगेतल्या सामायिक वस्तीत चंपाषष्ठीचं भरीत: अंतर, हवा आणि तिथीचा हिशेब हवा आहे

अमळनेरकर

राम राम मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय. काळ आजपासून 20 लाख वर्षांनंतरचा. आकाशगंगेत अनेक बुद्धिमान प्रजाती नांदतायत. पृथ्वीपासून 600 प्रकाशवर्षांवर, एका लाल बटू ताऱ्याभोवती चाकासारखं फिरणारं स्थानक आहे. त्यात खान्देशातून गेलेल्यांच्या वंशजांचा एक मजला, शेजारी कमी गुरुत्वाच्या ग्रहावरचे रहिवासी आणि शनीच्या टायटन या चंद्रासारख्या गोठवणाऱ्या मिथेनच्या जगातले जीव. मुख्य प्रसंग चंपाषष्ठीचा: पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या सुक्या काड्यांवर) वांगी भाजायची, बडगीत (लाकडी भांड्यात) भरीत ठेचायचं, रोडग्यांसोबत नैवेद्य आणि सगळ्या प्रजातींना आमंत्रण. तेवढ्यात आकाशगंगेच्या मध्यवर्ती सभेचा तातडीचा निरोप येतो. प्रकाशापेक्षा वेगवान काहीही वापरायचं नाही, हे पक्कं आहे. यातलं काय टिकेल आणि काय काढावं लागेल?

पाटणादेवी_रोड

कल्पना झकास शे भाऊ. फक्त मध्यवर्ती सभा काढा. आकाशगंगेची तबकडी सुमारे 1 लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि सूर्य केंद्रापासून साधारण 26 हजार प्रकाशवर्षांवर. सभा केंद्रात भरली, तर तुमच्या स्थानकाच्या प्रश्नाला उत्तर यायला 50 हजारांहून जास्त वर्षं लागतील. तातडीचा निरोप फक्त त्याच ताऱ्याच्या परिसरातून येऊ शकतो.

20 लाख वर्षांचा काळ मात्र बरोबर निवडलाय. प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याच्या वेगाने तबकडी ओलांडायला 10 लाख वर्षं लागतात, म्हणजे प्रजाती एकमेकींत मिसळायला वेळ पुरतो. यापेक्षा वेग वाढवायच्या भरीस पडू नका. सतत 1 जी (पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या) त्वरणाने अर्धं अंतर वेग वाढवत आणि अर्धं कमी करत गेलं, तर यानातल्या घड्याळाने केंद्र जेमतेम 20 वर्षांत गाठता येतं, हे कागदावर खरं आहे. पण मध्यावर समोरून येणारा हायड्रोजनचा प्रत्येक प्रोटॉन सुमारे 13 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा होतो. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या यंत्रात एका प्रोटॉनला 6.8 पर्यंतच नेतात. यान त्या झोताखाली जळून जाईल. दहाव्या हिश्श्याच्या वेगालासुद्धा एक ग्रॅम धूळ आदळली तर शंभरेक टन टीएनटी स्फोटकाचा दणका बसतो, त्यामुळे यानापुढे स्वतः झिजून यानाला वाचवणारी ढाल दाखवाच.

एवढ्या अंतरावर माल पाठवणं परवडत नाही, ज्ञान तेवढं पाठवता येतं. म्हणून सभेऐवजी अभ्यासाचे मठ ठेवा. चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात 1207 चा शिलालेख आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दिलेल्या देणग्या त्यात नोंदवल्यात. सत्ता बदलली तरी विद्या टिकावी म्हणून केलेली अशी तजवीज तुमच्या कथेत शोभेल.

भुसावळ_यार्ड

स्थानकाचं बघू. मिनिटाला एक फेरा आणि त्रिज्या 894 मीटर धरली की कडेच्या मजल्यावर पृथ्वीइतकं वजन मिळतं. फेरे तेच, त्यामुळे वजन त्रिज्येच्या प्रमाणात घटतं: 0.4 जी वाल्यांचा मजला 358 मीटरवर, टायटनवाल्यांचा 123 मीटरवर. एकाच चाकात तिघांची सोय होते, जिने-लिफ्ट आसाकडे जाणाऱ्या आऱ्यांमधून. बारकावा हवा असेल तर हा घ्या: कडेच्या मजल्यावर एक मीटर उंचीवरून सुटलेली पळी सरळ खाली पडत नाही, फिरण्याच्या उलट दिशेला सुमारे तीन सेंटीमीटर सरकून पडते. तिथे वाढलेला माणूस फोडणी उंचावरून ओतताना हात आपोआप तिरका धरेल.

खरा धोका मिथेनचा. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो, आणि तुम्ही तर चूल पेटवताय. टायटनवर दाब दीडपट आणि तापमान उणे 179 अंश. गळती झाली तर मिथेन तुमच्याकडेच येणार. म्हणून मध्ये नायट्रोजनचा पट्टा हवा, त्याचा दाब दोन्ही बाजूंपेक्षा जास्त, समजा पृथ्वीवरच्या हवेच्या 1.6 पट. मग गळती झालीच तर नायट्रोजन बाहेर पडतो, मिथेन आणि ऑक्सिजन भेटत नाहीत.

पण यातही एक फसगत आहे. शरीराला गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने नाही. नायट्रोजनला वास नाही. माणूस गप्पा मारता मारता कोसळतो. 19.5 टक्क्यांखाली वाजणारी ऑक्सिजनची घंटी प्रत्येक खोलीत दाखवा. संकटाचा प्रसंग हवा असेल तर तो इथे आहे.

पऱ्हाट्यांचाही हिशेब करा. एक किलो सुकी पऱ्हाटी जळायला सव्वा किलोच्या वर ऑक्सिजन लागतो. माणसाला दिवसाला 0.84 किलो पुरतो. वीस किलो पऱ्हाट्या म्हणजे तीसेक माणसांचा दिवसाचा श्वास. गावजेवणाआधी हवेची परवानगी घ्यावी लागणार, आणि धुराला स्वतंत्र गाळणी.

केळीबाग_रावेर

जेवणाचं सांगतो. पृथ्वीवरची प्रथिनं डावखुऱ्या अमिनो आम्लांची आणि साखरा उजव्या वळणाच्या आहेत. समोरच्या प्रजातीचं जीवन आरशातल्यासारखं उलटं असेल तर वांगं, शेंगदाणे, भाकरी पोटात जाऊन तशीच बाहेर पडतील. मीठ आणि पाणी चालेल. प्रथिनांतल्या नेहमीच्या वीस अमिनो आम्लांत ग्लायसिन एकटंच असं आहे की त्याला डावं-उजवं नाही.

मिरचीचा प्रसंग मात्र लिहाच. तिखट ही चव नसून टीआरपीव्ही1 या मज्जातंतूंवरच्या, आच ओळखणाऱ्या प्रथिनाने उठवलेली कळ आहे, आणि मिरचीतल्या कॅप्सायसिनने ती सस्तन प्राण्यांत पेटते. पक्ष्यांना मिरचीचा काही त्रास नाही. परग्रहवासी लवंगी मिरची भाजीसारखी चावून खातील आणि यजमानांच्या डोळ्यांतून पाणी का येतंय, हे विचारतील. टायटनवाल्यांना जेवायला बोलावू नका. आपल्या तापमानाला ते उकळतील आणि त्यांच्याकडे आपलं भरीत दगड होईल. एवढ्या थंडीत रसायनं अतिशय सावकाश चालतात, म्हणून त्यांचं एक वाक्य पूर्ण व्हायलाही फार काळ जावा.

केळी लावणार असाल तर लाल ताऱ्याच्या उजेडावर विसंबू नका. निळा उजेड फार कमी मिळतो, दिवे लावा. आणि एकच वाण नेऊ नका. केळीला बी नाही, ग्रँड नैनचं प्रत्येक रोप दुसऱ्याची हुबेहूब नक्कल आहे. एक मर रोग आला की अख्खा मजला जातो. वांग्याचं तसं नाही, बी धरता येतं.

अमळनेरकर

सभा काढली, मठ घेतला. पण तिथे चंद्रच नाही, मग चंपाषष्ठी ठरवायची कशी?

पाटणादेवी_रोड

गणिताने. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं 12 अंशांचं अंतर. शुद्ध षष्ठी 60 ते 72 अंशांपर्यंत. पृथ्वीवरून निरोप यायची वाट बघायची नाही, पंचांग सोबतच न्यायचं. मात्र आजचा चांद्रमास जसाच्या तसा धरू नका. चंद्र वर्षाला 3.8 सेंटीमीटर लांब जातोय. हाच वेग कायम राहिला तर 20 लाख वर्षांत तो 76 किलोमीटर दूर जाईल आणि महिना तेरा-चौदा मिनिटांनी वाढेल. थोडंच वाटतं, पण तोवर जवळपास अडीच कोटी महिने उलटलेले असतील, आणि साठत साठत फरक तीनशेहून अधिक वर्षांचा होतो. ही दुरुस्ती धरणारं एक पंचांग आणि न धरणारं दुसरं, असे दोन पक्ष स्थानकात असतील तर दोघांची चंपाषष्ठी वेगवेगळ्या दिवशी येईल. हवेची परवानगी वर्षातून एकदाच मिळत असेल, तर तंटा आपोआप उभा राहतो.