घर घ्यायचंय, आधी काय बघू? (सोसायटी ग्रुपवरून)

सी-304 : नमस्कार मंडळी. आम्ही इथे भाड्याने राहतो, बहुतेकांना माहितीये. पुन्हा अकरा महिन्यांचा करार करण्यापेक्षा आता स्वतःचं घर घ्यावं असं चाललंय. पुण्यातला धायरी, नऱ्हे, वडगाव हाच पट्टा. टू बीएचके, 70 लाखांपर्यंत. रविवारपासून सँपल फ्लॅट बघायला निघतोय. काय तयारी करू?

ए-503 : अभिनंदन!! पेढे कधी?

बी-402 : सँपल फ्लॅट शेवटी बघा हो. तिथे पलंग पण मुद्दाम लहान करून ठेवलेला असतो. आधी हातात रोख किती आहे ते बघा.

सी-304 : मॅडम, 15 लाख आहेत. 80 टक्के कर्ज धरलं तर आपले 14. बसतंय की.

बी-402 : नाही बसत. रोज बँकेत काउंटरवर हाच हिशोब ऐकते. 80 टक्के ही रिझर्व्ह बँकेने घातलेली वरची मर्यादा आहे, मिळतीलच असं नाही. तेही करारातली किंमत आणि बँकेचं व्हॅल्युएशन यात जे कमी असेल त्यावर. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते पूर्ण तुमच्या खिशातून. पुण्यात मेट्रो सेस धरून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. रजिस्ट्रेशन 30 हजार. एजंटने 1 टक्का घेतला तर 70 हजार. झाले 19 लाख 90 हजार, आणि अजून भिंतीत एक खिळा ठोकलेला नाही.

सी-304 : अरे बापरे.

बी-402 : तुमच्या 15 लाखांत 50 लाखांचं घर बसतं. 10 लाख आपले, साडेतीन लाख ड्युटी, 30 हजार, एजंटचे 50. वर उरतात 70 हजार. 40 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 34,700. एक तर बजेट खाली आणा, नाहीतर थोडं थांबून रोख वाढवा. पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट करू नका, आम्हाला ते सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, दिसतं.

डी-102 : वहिनींच्या नावावर घ्या ना, ड्युटीत 1 टक्का सूट आहे.

बी-402 : आहे, पण घर एकट्या बाईच्या नावावर असेल तरच. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. आणि मालकीत नाव नसेल तर नवऱ्याला व्याजावर आयकरात वजावट नाही, हप्ता त्यानेच भरला तरी.

डी-102 : वजावट गेली खड्ड्यात. घर बाईच्या नावावर असलेलं बरं.

बी-104 : गेटसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? स्कूल बस अडकलीये. लगेच काढा.

ए-503 : दादा, मग अंडर कन्स्ट्रक्शन बघा. पैसे टप्प्याटप्प्याने जातात.

बी-402 : आणि 5 टक्के जीएसटी? शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं चालू, बँकेचं व्याजही चालू.

ए-503 : मान्य. पण घेतलंच तर दोन गोष्टी. रजिस्टर करार केल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, रेरा म्हणजे घरबांधणीच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. आणि महारेराच्या (तो कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीये ते बघा. ब्रोशर नंतर. एरिया विचाराल तेव्हा रेरा कार्पेटच विचारा, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. बाल्कनी त्यात धरत नाहीत, 'सेलेबल' (जिना, लॉबी धरून फुगवलेला एरिया) वगैरे ऐकूनच घेऊ नका.

ए-201 (सेक्रेटरी) : मी रीसेलच सुचवीन. फक्त कागद नीट बघा. बिल्डरकडून पहिल्याने घेतल्यापासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करार आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा उतारा). मधला एखादा नसेल तर बँक तिथेच अडवते. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीये का, हे सेक्रेटरीला थेट विचारा. तो चाचरला तर समजा. ट्रान्स्फर फी म्हणून 25 हजारांच्या वर कोणी मागितली तर देऊ नका.

सी-304 : काका, मालकाचंच कर्ज चालू असेल तर?

ए-201 (सेक्रेटरी) : त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या कागदांची यादी मागा. तुमचे पैसे आधी त्या कर्जखात्यात जायला हवेत, मालकाच्या हातात नाही. व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर 1 टक्का टीडीएस (मालकाच्या आयकरापोटी) तुम्हीच कापून भरायचा. मालक परदेशात असेल तर 1 टक्क्याचा हिशोब चालत नाही, सीए गाठा.

डी-102 : कागद झाले, पाण्याचं कोण बोलणार? घर एप्रिल-मेमध्ये बघा. एजंट आणतो संध्याकाळी सातला, पाणी आल्यावर. तुम्ही सकाळी अकराला एकटेच जा. वॉचमनच्या टेबलावर टँकरची वही असते, तारीख आणि चलन नंबर लिहिलेली. ती दोन मिनिटं चाळा, मेंटेनन्स एवढा का ते कळेल. जिन्यात भेटलेल्या कामवाल्या मावशीला विचारा, कुठल्या फ्लॅटमध्ये ओल आहे ते एजंटपेक्षा तिला जास्त माहीत असतं.

ए-503 : ताई, तुम्ही एजंट व्हा.

सी-304 : सगळ्यांचे आभार. हिने आत्ताच रविवार कॅन्सल केलाय. आधी बँकेत जाऊन किती मंजूर होतं ते बघतो.

बी-402 : या. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 घेऊन या. क्रेडिट कार्डची थकबाकी भरून मग या.

डी-102 : बाय द वे, आमच्या मजल्यावरचा 103 विकायचाय म्हणे.

सी-304 : किती म्हणतायत?

डी-102 : पर्सनलवर सांगते.

बी-104 : इथेच सांगा ना ताई, आपल्यालाही कळू दे आपल्या फ्लॅटला काय भाव आलाय.