बँकेसाठी पैसा निघतो, मग विशेष शिक्षिकेसाठी का नाही?

दांडियाबाजारची आई
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. गेल्या वर्षापर्यंत वडोदऱ्यातल्या त्याच्या शाळेत विशेष शिक्षिका रोज यायच्या. जूनपासून आठवड्यातून एकदाच येतात, कारण त्यांच्या गळ्यात आता सात शाळा आहेत. पेन्सिलीला रबर गुंडाळून त्यांनी त्याच्याकडून 'क' गिरवून घेतला होता. आता तो वही उघडतो, पेन्सिल माझ्या हातात देतो आणि दाराकडे बघत बसतो. शाळेत विचारलं की एकच उत्तर, निधी नाही.
२०१७च्या ऑक्टोबरात सरकारी बँका सावरायला केंद्राने २.११ लाख कोटींची योजना जाहीर केली. कर्जं बुडाली म्हणून कुठल्या मंत्र्याची खुर्ची गेली?

निवृत्त बँकवाला, मांजलपूर
ताई, लेकराचं वाचून जीव तुटला. पण हे दोन हिशेब वेगळे आहेत. त्यातले १.३५ लाख कोटी रोख्यांचे, म्हणजे सरकारने व्याजावर घेतलेल्या कर्जाचे होते. सरकारने रोखे काढले, ते बँकांनीच घेतले. शिक्षिकांचा पगार कापून बँकांना कोणी दिलेला नाही.
आणि बँक बुडू दिली तर काय होतं ते मी पाहिलंय. २००१मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक कोसळली, गुजरातभरच्या सहकारी बँकांच्या ठेवी तिच्यात अडकल्या. ठेवीचा विमा तेव्हा फक्त १ लाखाचा. पेन्शनचं पासबुक छातीशी धरून माणसं रांगेत उभी होती. शाळेचा निधी 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून येतो, केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. जाब गांधीनगरला विचारा.

दांडियाबाजारची आई
काका, रोख्यांचं व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातूनच जातं ना? मग हिशेब वेगळे कसे? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणही सांगितलं, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक. कायदा आहे, निकाल आहे, तरी 'निधी नाही' म्हणणाऱ्याला कोणी हात लावत नाही.

रावपुऱ्याचा ठेवीदार
मला दोघांचंही पटत नाही. २०१९मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. लोक रस्त्यावर उतरले. २०२०मध्ये विमा ५ लाखांचा झाला, सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा वचकही वाढला. ठेवीदार म्हणजे मतांचा गठ्ठा. ताईंसारखे आईबाप एका शाळेत चार, दुसऱ्या शाळेत तीन. पुढाऱ्याला ते दिसतच नाहीत. आणि सहकारी बँकांच्या निवडणुकीत पुढाऱ्यांच्या पॅनेलला मतं आपणच देतो, त्याचं काय?

निवृत्त बँकवाला, मांजलपूर
गठ्ठ्याचं खरं आहे. तरी मंत्र्याच्या राजीनाम्याने शिक्षिका परत येणार नाही. माहिती अधिकारात विचारा, जिल्ह्यात पदं किती, भरलेली किती.

दांडियाबाजारची आई
विचारते. पण राजीनामाही मागणार. सात शाळांपैकी पाच शाळांतल्या आया माझ्या ओळखीच्या झाल्यात. उरलेल्या दोन शोधतेय.