घट आणि वाढ एकाच आकृतीत कशी दाखवावी?

पेशीवाचक (प्रश्न)

नमस्कार. मी जैवतंत्रज्ञानात पीएच.डी. करत असून सध्या पहिल्या शोधनिबंधाच्या आकृत्या तयार करत आहे. एका वनस्पतिजन्य अर्काची यकृताच्या पेशींवर चोवीस तास प्रक्रिया केल्यावर काही जनुकांचे आरएनए वाढले आणि काहींचे घटले. मोजणी क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती चक्राचक्राने वाढवून मोजण्याची पद्धत) केली असून जीएपीडीएच हे संदर्भ-जनुक, म्हणजे तुलनेसाठी स्थिर मानलेले जनुक, धरले आहे. अर्क न दिलेल्या पेशींची पातळी १ मानली, तर एक जनुक ४ वर पोहोचले आहे आणि दुसरे ०.२५ वर उतरले आहे. आकृतीत पहिल्याचा स्तंभ १ च्या रेषेपासून तीन घरे वर चढतो, दुसऱ्याचा मात्र पाऊण घर खाली येताच तळाला टेकतो. त्यामुळे पाहणाऱ्याला पहिला परिणाम मोठा आणि दुसरा किरकोळ वाटतो.

मार्गदर्शकांच्या मते घटलेल्या जनुकासाठी ‘−४’ लिहावे. सहमार्गदर्शक ‘७५ टक्के घट’ आणि ‘३०० टक्के वाढ’ असे लिहायला सांगतात. याशिवाय तिसऱ्या एका जनुकाची तीन स्वतंत्र प्रयोगांतील मूल्ये ४, १ आणि ०.२५ अशी आली आहेत. त्यांची सरासरी १.७५ येते. या जनुकाची अभिव्यक्ती ७५ टक्क्यांनी वाढली, असे मी लिहू शकतो का?

दोनाचा घात

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. तुमची तिन्ही गुणोत्तरे उलटी करून पाहा, म्हणजे अर्क दिलेल्या पेशींना नियंत्रण पेशींनी भागण्याऐवजी नियंत्रण पेशींना अर्क दिलेल्या पेशींनी भागा. मूल्ये ०.२५, १ आणि ४ येतील आणि सरासरी पुन्हा १.७५ च येईल. म्हणजे त्याच आकड्यांवरून एकदा ‘अर्काने जनुक वाढले’ आणि एकदा ‘अर्काने जनुक घटले’ असे दोन्ही निष्कर्ष निघतात. गुणोत्तरांचा भूमितीय मध्य (तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ) काढला, तर तो १ येतो आणि कोणत्याही बाजूने भागले तरी १ च राहतो. या तीन प्रयोगांतून कोणतीही दिशा दिसत नाही, एवढेच तुम्हाला म्हणता येईल.

दोनाच्या पायाचा लॉग घेतला, की आकृतीचीही अडचण सुटते. चौपट वाढ +२ वर जाते, एक चतुर्थांशावर आलेली पातळी −२ वर येते आणि बदल नसेल तर शून्य. क्यूपीसीआरचे मूळ मापच या स्वरूपाचे आहे, हे आपल्याकडे पुष्कळदा विसरले जाते. यंत्र आपल्याला सीटी म्हणजे ठरावीक पातळी गाठायला लागलेल्या चक्रांची संख्या देते आणि प्रत्येक चक्रात डीएनए साधारण दुप्पट होतो, म्हणून दोन चक्रांचा फरक म्हणजे चौपट फरक. लिव्हाक आणि श्मिटगेन यांनी २००१ मध्ये मांडलेली, असंख्य प्रयोगशाळांत वापरली जाणारी पद्धत याच गृहीतकावर उभी आहे. तेव्हा सरासरी आणि प्रमाण-त्रुटी डेल्टा-डेल्टा-सीटीच्या (संदर्भ-जनुक आणि नियंत्रण पेशी यांचे सीटी वजा केल्यावर उरणाऱ्या फरकाच्या) पायरीवरच काढावी आणि वाटल्यास अगदी शेवटी पटींत रूपांतर करावे. तसे केले, की त्रुटीच्या रेघा वर लांब आणि खाली आखूड दिसतील. त्या तशाच राहू द्या. लॉगवर २ ± १ असलेले मूल्य पटींत ४ होते आणि त्याची व्याप्ती २ ते ८ असते. ती दोन्हीकडे सारखी करायला जाल तर आकृती खोटी ठरेल.

‘−४’ ही खूण मी तरी वापरणार नाही. त्या पद्धतीत १.१ हे मूल्य १.१ च राहते, पण ०.९ चे −१.११ होते. जवळजवळ एकाच जागी असलेले दोन नमुने दोन एककांहून अधिक दूर फेकले जातात आणि −१ ते १ हा पट्टा कायमचा रिकामा राहतो. असे आकडे सरासरीसाठी किंवा टी-चाचणीसाठी निरुपयोगी असतात.

आणखी दोन गोष्टी तपासा. प्रायमरची (प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याची) कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर प्रत्येक चक्रात वाढ १.९ पट होते आणि पाच चक्रांच्या फरकाला ३२ पट न म्हणता सुमारे २५ पट म्हणावे लागते. शिवाय ज्या नमुन्यात आरएनए सापडलाच नाही, तिथे शून्याचा लॉग निघत नाही म्हणून लोक एखादी छोटी संख्या मिळवतात. आरएनए-सीक्वेन्सिंगमध्ये एका गटात ० आणि दुसऱ्यात ८ वाचने (त्या जनुकाचे सापडलेले तुकडे) असतील, तर दोन्हींत १ मिळवल्यास बदल ९ पट दिसतो आणि ०.१ मिळवल्यास ८१ पट! मिळवलेली संख्या कोणती, हे निबंधात न छापणाऱ्यांच्या पटींवर मी विश्वास ठेवत नाही.

ओपीडी क्रमांक दोन

मी कर्करोग विभागात काम करतो. घट आणि वाढ सममित दिसलीच पाहिजे, हा आग्रह प्रयोगशाळेत रास्त असला तरी रुग्णांच्या बाबतीत तो काही ठिकाणी जाणूनबुजून सोडलेला आहे, एवढे नमूद करतो. घन गाठी उपचाराला कितपत दाद देतात, हे ठरवण्यासाठी आम्ही रेसिस्टचे निकष वापरतो, त्यांची १.१ ही आवृत्ती २००९ ची आहे. निवडक गाठींच्या सर्वांत लांब व्यासांची बेरीज करायची (लसिकाग्रंथींचा नियम वेगळा आहे). ती बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद, आणि २० टक्क्यांनी, शिवाय किमान ५ मिलिमीटरने वाढली तर आजार पुढे सरकला, असे मानायचे. घट मोजताना पाया असतो उपचारापूर्वीचा स्कॅन, तर वाढ मोजताना पाया असतो तोवरची सर्वांत लहान बेरीज.

समजा, बेरीज सुरुवातीला १०० मिलिमीटर होती, चार महिन्यांनी ६० झाली आणि पुढच्या स्कॅनमध्ये ७४ आली. नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, गाठी पहिल्यापेक्षा लहानच आहेत ना, मग औषध का बदलता?” सुरुवातीच्या तुलनेत गाठी खरोखरच २६ टक्क्यांनी लहान आहेत, पण ६० वरून ७४ ही १४ मिलिमीटरची, म्हणजे २३ टक्क्यांहून अधिक वाढ आहे, आणि औषधाला न जुमानणाऱ्या पेशी आता वाढत असाव्यात, हे त्यातून कळते. केवळ पहिल्या स्कॅनशी तुलना करत राहिलो, तर ही गोष्ट आम्हाला फार उशिरा समजेल. ५ मिलिमीटरची अट अशासाठी, की १० ची गाठ १२ मिलिमीटर दिसली तरी २० टक्के होतात, पण तेवढा फरक दोन रेडिओलॉजिस्टांच्या मोजण्यातही पडतो. शिवाय हे टक्के व्यासाचे आहेत. गोलाकार गाठीचा व्यास ३० टक्क्यांनी घटला, तर तिचे आकारमान सुमारे ६६ टक्क्यांनी घटते. आणि २० टक्क्यांनी वाढला, तर सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते.

टक्केवारीतला याहून मोठा सापळा एचबीए१सीमध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा अंदाज देणारी, टक्क्यांत सांगितली जाणारी तपासणी) आहे. ८ वरून ७ वर आलेल्या रुग्णाची घट कोणी ‘एक टक्का’ सांगतो, कोणी मूळ मूल्याच्या तुलनेत १२.५ टक्के. तोच रक्ताचा नमुना आंतरराष्ट्रीय एककात मोजला, तर ६४ वरून ५३ मिलिमोल प्रति मोल अशी नोंद होते आणि घट १७ टक्के निघते. रुग्ण तोच, रक्त तेच. दोन मोजपट्ट्यांचे शून्य वेगवेगळ्या जागी आहे, त्यामुळे असे होते. जुन्या पट्टीत सुमारे २.१५ इतकी स्थिर भर आहे. ज्या पट्टीचे शून्य म्हणजे खरोखर ‘काहीच नाही’ असे नसते, तिच्यावर टक्के किंवा पटी काढू नयेत; सरळ वजाबाकी द्यावी. उलट एचआयव्हीच्या विषाणूभाराला लॉगच शोभतो. १,००,००० वरून १,००० प्रती म्हणजे दहाच्या पायाने २ लॉगची घट, आणि अर्ध्या लॉगहून, म्हणजे सुमारे तिपटीहून कमी चढउताराला सहसा महत्त्व दिले जात नाही.

पेशीवाचक

दोघांचेही आभार. आकृती लॉगवर नेतो. याच कामाचा दुसरा भाग उंदरांवर आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांपैकी रक्तशर्करा २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलेले निवडले असून प्रत्येक उंदराची आधीची आणि नंतरची शर्करा घेऊन टक्के घट काढायची योजना आहे. तिथे काही अडचण येईल का?

मध्याकडे परत

येईल, आणि ती मोजपट्टी बदलून जाणार नाही. एका वाचनावर मर्यादा ठेवून तिच्यावरचे प्राणी निवडले, की त्यांत त्या दिवशी योगायोगाने जास्त आकडा आलेले काही प्राणी हमखास येतात. पुढच्या मोजणीत त्यांचे आकडे अर्काशिवायही खाली येतात. गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून जे दाखवले, म्हणजे टोकाच्या आकड्यांनंतरचे आकडे सरासरीकडे सरकतात, तेच इथे घडते. म्हणून केवळ आधी-नंतरची घट हा पुरावा होत नाही. याच मर्यादेने निवडलेले आणि याच दिवशी चिठ्ठ्या टाकून वेगळे केलेले, अर्काऐवजी फक्त द्रावक दिलेले मधुमेही उंदीर हवेत. शक्य असेल तर निवडीचे वाचन वेगळे आणि सुरुवातीची पातळी म्हणून घ्यायचे वाचन वेगळे ठेवावे.

टक्के घटीविषयी व्हिकर्स यांनी २००१ मध्ये संगणकीय नमुन्यांवर तुलना करून दाखवले आहे, की चाचणीचा निष्कर्ष ‘सुरुवातीपासूनचा टक्के बदल’ या रूपात तपासणे ही सांख्यिकीच्या दृष्टीने कमी कार्यक्षम रीत आहे. नंतरची शर्करा हे उत्तर आणि आधीची शर्करा हे सहचल धरून अँकोव्हा (सुरुवातीच्या पातळीतला फरक हिशेबात घेऊन गटांची तुलना करणारी पद्धत) करावे. मिळणारा फरक मिलिग्रॅममध्ये असतो आणि वाचकाला टक्के हवेच असतील, तर ते गटांच्या समायोजित सरासरींवरून काढून देता येतात.

सहमार्गदर्शकांचे टक्के मात्र सगळीकडून हद्दपार करू नका, केवळ ते कशाचे आहेत हे लिहा. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आधीच्या पिढीच्या गोळ्यांच्या तुलनेत शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघी, आणि गरोदरपणात हाच धोका त्याहूनही अधिक असतो. अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढील वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० अधिक गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पश्चिम स्कॉटलंडमधील ६,५९५ पुरुषांवरची प्रावास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली आणि हृदयविकाराचा धोका ३१ टक्क्यांनी घटल्याचे गाजले. पाच वर्षांतील प्रमाण प्लासिबो गटात ७.९ टक्के आणि औषध गटात ५.५ टक्के होते. फरक २.४, म्हणजे एकाचा विकार टाळण्यासाठी साधारण ४२ जणांना पाच वर्षे गोळी. ३१ हा आकडा खोटा नव्हता आणि २.४ हाही नव्हता; पण त्यांतला एकच छापला, की रुग्णाला आणि डॉक्टरला वेगवेगळे औषध दिसते. तुमच्या निबंधाच्या सारांशातही दोन्ही गटांची प्रत्यक्ष शर्करा, फरक आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरे मूल्य ज्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे तो टप्पा) आधी द्या. टक्के त्यानंतर कंसात आले तरी चालतील.